मोकळी सोडलेली जागा

"जीवनदा, परत जास्त झालं." धनेशने हेडफोन गळ्यात ओढला. "सिम्बल हळू घे ना. गिटार ऐकूच येत नाहीये त्याच्याखाली."

"हळूच तं मारतोय," जीवन म्हणाला.

"अजून हळू."

जीवनने मान हलवली आणि ड्रमची काठी पुन्हा त्या पितळी थाळीवर आणली. या वेळी त्याने इतकं सांभाळून मारलं, की काठी थाळीला लागतेय हे फक्त त्याच्या बोटांना कळत होतं. दोन मिनिटांनी धनेशने पुन्हा हात वर करून सगळं थांबवलं आणि आत्ताच वाजवलेलं स्पीकरवर लावलं.

मृणालीने बास गिटार मांडीवर आडवं घेतलं. तिघं ऐकू लागली. गिटार येत होतं. बास येत होतं. मोठ्या ड्रमचा धप्प आवाज छातीत येत होता. सिम्बलचा मात्र मागमूस नव्हता. जीवनला वाटलं, झालं एकदाचं याच्या मनासारखं.

"आता बरोबर हाय," तो म्हणाला.

धनेशने त्याच्याकडे बघितलं, मग मृणालीकडे. "बरोबर? अरे, भांड्यांचं दुकान कोसळल्यासारखं वाजतंय सगळं!"

जीवनने कपाळावरचा घाम पुसला. "थकलो असंन. काल डबल ड्युटी झाली."

खाली गोदामात ट्रक लागला म्हणून धनेश जिना उतरून गेला. जीवन काठ्या पिशवीत घालत बसला. पिशवीची नाडी बांधून वळला, तर मृणाली अगदी पाठीशी उभी. तिने हात वर धरला होता आणि हातात स्कूटरच्या किल्ल्या होत्या. त्या ती केव्हापासून वाजवत होती कोण जाणे. तिच्या चेहऱ्यावरून तरी बराच वेळ वाजवत असावी.

"दादा," ती समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं म्हणाली, "किती दिवस झाले?"

"कशाला?"

"ऐकू न येण्याला."

जीवनने पिशवीची नाडी पुन्हा आवळली. मग म्हणाला, "धनेशला सांगू नको, बाय."

*

जीवन शेलार नारपोलीतल्या एका, कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात जॉबर होता. जॉबर म्हणजे लूम बसवणारा, बिघडली की दुरुस्त करणारा माणूस. आतल्या गावातली भातशेती भावांत वाटली गेली आणि त्याच्या वाट्याला जे आलं त्यावर एक माणूसही धड पोसला नसता, तेव्हा अठराव्या वर्षी तो भिवंडीत आला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. त्या शेडमध्ये शिरलं की तोंडाने बोलणं संपतं. पाणी हवं असेल तर अंगठा तोंडाकडे, शेठ आला तर मिशीवर बोट. उरलेलं सगळं ओठ बघून समजून घ्यायचं. मग तो माणूस भोजपुरी बोलो, तेलुगू बोलो की मराठी. त्यामुळे जीवनचे कान जाताहेत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याच्याही आलं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मग फोनवर मुलीच्या, भाविकाच्या बोलण्यातले स आणि श गेले. भावना, त्याची बायको, म्हणायची, "ध्यान कुटं असतं वो तुमचं?" आणि तोही मानायचा की ध्यानच नाही.

ड्रम त्याला लग्नांनी शिकवले होते. तरुणपणापासून तो बेंजो पार्टीत वाजवायचा. हळदीच्या मांडवात तास न् तास एकच ठेका, आणि पुढे नाचणारी माणसं. अशाच एका हळदीत, कशेळीला, नवरदेवाच्या चुलतभावाने त्याला वाजवताना बघितलं. हा चुलतभाऊ म्हणजे धनेश तरे. घरची खाडीकाठची जमीन, तिच्यावर आता गोदामं. धनेश भाड्याचं बघायचा आणि उरलेला सगळा वेळ गिटार वाजवायचा. मांडव पांगल्यावर तो जीवनजवळ आला आणि म्हणाला, "दादा, सगळे बडवत होते. तू मधेमधे सोडून देत होतास. का?"

असा प्रश्न जीवनला कुणी कधी विचारला नव्हता. "दम घ्याया जागा नको का मान्साला?" तो म्हणाला.

तिथून आठ वर्षं. गोदामाच्या माळ्यावरच्या खोलीत, भिंतींना जीवननेच आणलेल्या खराब कापडाच्या जाड घड्या ठोकून, दर शुक्रवारी दोघं वाजवायला बसू लागले. शुक्रवारी जीवनचा कारखाना बंद असायचा. तीन वर्षांनी मृणाली केणी आली. मानकोलीच्या एका मोठ्या वेअरहाउसमध्ये ती कॉम्प्युटरवर मालाची नोंद करायची आणि बास गिटार अशी वाजवायची, की जीवनला वाटायचं, ही आपल्या पायाखाली फरशी घालत चालली आहे.

ते जे वाजवत ते हळदीत चाललं नसतं आणि सिनेमातही. धनेशला जॅझ यायचं, म्हणजे ठरलेल्या सुरावटीला धरून ऐनवेळी मनाने भटकणं. रॉकचा धडाका त्याच्या अंगातच होता. आणि त्याला वेड होतं आजकालच्या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचं. त्यात एखादा लहानसा तुकडा पन्नास वेळा येतो, पण दर वेळी केसभर सरकलेला. गाणं कुणीच गायचं नाही. धनेशची आई, आक्का, एकदा चहा घेऊन वर आली, तासभर बसली आणि उठताना म्हणाली, "मंग गानारी कवा येनार हाय?"

त्यांच्या सात रचनांमधली एक जीवनच्या शेडमधून आली होती. धनेशला लूम बघायची होती, म्हणून जीवन त्याला एकदा घेऊन गेला आणि चार लूमच्या मधोमध उभं केलं. चारही सारख्याच, पण कुठलीच दुसरीच्या वेगाने चालत नाही. आधी चौघी एकत्र ठोकतात, मग एकेक सुटत जाते, नुसता कालवा होतो, आणि बऱ्याच वेळाने कधीतरी एका ठोक्याला चौघी पुन्हा जुळतात. धनेश बाहेर आला तो ओरडतच. "जीवनदा, हे तिकडे लोक कागदावर लिहून काढतात! आणि तू रोज फुकटात ऐकतोस!"

"ऐकतो कुटं," जीवन म्हणाला, "सोसतो."

त्या रचनेचं नाव 'चार लूम' ठेवलं आणि सगळ्या अल्बमचं नाव 'धोटा'. लूममधून या टोकापासून त्या टोकाला धावत सुताचा आडवा धागा टाकतो, तो धोटा. सहा रचनांचं रेकॉर्डिंग झालं होतं. 'चार लूम' तेवढी राहिली होती.

*

मृणाली त्याला ठाण्याच्या एका दवाखान्यात घेऊन गेली. काचेच्या खोक्यासारख्या खोलीत त्याला बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी बाई मशीनपुढे बसली होती. जीवनने थोड्याच वेळात हेरलं, की आवाज सोडताना तिचा उजवा खांदा किंचित हलतो. शेडमधल्या माणसाला याहून जास्त खूण लागत नाही. खांदा हलला की तो बटण दाबू लागला.

बाई उठून आत आली. रागावली नाही. "काका, मला फसवून काय मिळणार?" असं म्हणून तिने त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली.

मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. सुरुवातीला आवाज आले, जाडे, घुमणारे. नंतर काहीच आलं नाही. इतका वेळ आलं नाही, की त्याला वाटलं बाई चहाला गेली. त्याने मागे वळून बघितलं. ती तिथेच होती, आणि तिचा खांदा हलत होता.

डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ अर्ध्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग विहिरीच्या काठावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. "बारीक, उंच आवाज गेलेत," डॉक्टर म्हणाले. "लूमवर किती वर्षं?"

"एकतीस."

"आणि वरून ड्रम. गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावलंत तर माणसांचं बोलणं जरा सोपं होईल. उरलेलं जपा."

बाहेर येऊन जीवन बाकावर बसला. मृणाली शेजारी बसली. तो म्हणाला, "म्हंजे मी एवढं दिस थाळीवर काय मारत व्हतो, मनाच ठावं न्हाय."

तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

धनेशला त्याने स्वतःच सांगितलं, पुढच्या शुक्रवारी, जिना चढून आल्या आल्या. धनेश गिटारची तार लावत होता. त्याचा हात खुंटीवर तसाच राहिला. त्याने खिडकीतून खाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "एकच राहिली होती रे."

"मना एक महिना दे," जीवन म्हणाला.

त्या महिन्यात त्याने घरी जुन्या गादीवर काठ्या मारून 'चार लूम' शंभरदा वाजवली. काय ऐकू येत नाही याचा विचार त्याने सोडला आणि काय येतं ते धरलं. मोठा ड्रम येत होता. मधले दोन येत होते. काठीचा लाकडाला लागलेला ठोका हाडातून येत होता. चार लूम एवढ्यात उभ्या राहत होत्या. उलट त्याला वाटू लागलं, की सिम्बल त्यात कधी नव्हतंच. लूमला कुठे आलीय झांज?

रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याने तिन्ही सिम्बल स्टँडवरून काढली, कापडात गुंडाळली आणि भिंतीला टेकवून ठेवली. धनेश बघत राहिला.

"आणखी एक," जीवन म्हणाला. "शेवटी चारी जुळतात ना, तितं मी वाजवनार न्हाय. चार मात्रा. तुमी पन वाजवू नका."

"अरे, तिथेच तर सगळ्यात मोठा दणका पाहिजे! सात मिनिटं माणूस त्याचीच वाट बघतो."

"तितं लाईट जाते," जीवन म्हणाला.

धनेशला कळलं नाही. जीवनला शब्द जुळवायला वेळ लागला. शेड चालू असते, कानठळ्या बसतात, आणि एकदम लाईट जाते. सगळ्या लूम एका दमात थांबतात. नव्या माणसाला पहिल्यांदा भीती वाटते, आपण मेलो की काय अशी. मग कुणीतरी खोकतं. वरच्या पत्र्यावर कबुतर चालतं. शेजारचा माणूस श्वास घेतो तोही कळतो. "एकतीस वर्सांत," तो म्हणाला, "मी नीट ऐकलं असंन तं तेवढंच."

मृणाली म्हणाली, "करून तर बघू."

त्यांनी वाजवलं. एकदाच. शेवटी चौघी जुळल्या, आणि तिघांचेही हात हवेत थांबले. चार मात्रा खोलीत काही नव्हतं. मग मृणालीने एकच खालचा स्वर सोडला आणि रचना संपली. धनेशने गिटार खाली ठेवलं आणि येऊन जीवनला मिठी मारली. त्याच्या छातीतला धडधडाट जीवनला स्पष्ट लागत होता.

*

'धोटा' पाच महिन्यांनी आला. फोनवर कुणालाही ऐकता येईल असा, आणि शिवाय तीनशे सीड्या. परदेशातले जाणकार अजून सीडी मागतात, असं धनेश म्हणाला. कव्हरच्या पाठीवर इंग्रजीत तीन नावं होती: गिटार धनेश तरे, बास मृणाली केणी, ड्रम्स जीवन शेलार. युरोपातल्या कुठल्याशा रेडिओवर त्यातलं एक वाजलं. तिथल्या माणसाने खास लिहिलं, की 'चार लूम'मधला ड्रमर विलक्षण आहे. गावच्या नाक्यावर जीवनचा फ्लेक्स लागला. काळा गॉगल घातलेला फोटो कुणीतरी जुन्या लग्नातून शोधून काढला होता. कारखान्यात शेठने पेढ्यांचा बॉक्स दिला आणि शेडमधल्या पोरांनी हवेत ड्रम वाजवून दाखवले. जीवन लाजला. मनातून सुखावलाही.

असाच एक शुक्रवार. कान जपायचे म्हणून रेकॉर्डिंगनंतर जीवन माळ्यावर गेला नव्हता. दुपारची वेळ. भावना उंबऱ्याजवळ बसून भिजवलेले वाल सोलत होती. शेजारी तिचा फोन आणि भाविकाने दिलेला लहान स्पीकर. हल्ली ती तो अल्बम लावून कामं करायची. जीवन खाटेवर पडून तिच्याकडे बघत होता. स्पीकरमधून त्याच्यापर्यंत फक्त घुमणारं काहीतरी पोचत होतं. 'चार लूम' चाललीय एवढं त्याला ठेक्यावरून कळलं.

भावनाचं बोट ताटाच्या कडेवर वाजत होतं. वाल सोलता सोलता, नखाने, टिचक टिचक. जीवनची नजर त्या बोटावर गेली. बोट ठेक्यावर नव्हतं. ते ठेक्याच्या मधे, दोन ठोक्यांच्या फटीत पडत होतं. अगदी नेमकं. जिथे सिम्बल पडलं असतं, तिथे.

तो उठून बसला.

"काय वाजवतेस गो?"

"आं?" तिने वर बघितलं. "ते वाजतंय ना, टिन टिन. तेच."

"यात टिन टिन न्हाय."

"असं कसं? लय गोड वाजतंय. तुमीच तं वाजवलंय."

जीवन तिच्यासमोर जमिनीवर येऊन बसला. त्याने रचना पहिल्यापासून लावायला सांगितली. तिचं बोट तिथेच पडत गेलं. तो एकेक ठोका मनात मोजत होता. सात मिनिटं झाली, चार लूम जुळल्या, आणि त्याने ठेवलेल्या त्या मोकळ्या चार मात्रा आल्या. भावनाचे खांदे दचकून वर गेले. हातातला वाल ताटात पडला.

"काय झालं?"

"दर बारीला दचकते मी," ती हसली. "केवढं मोठ्यानं वाजवलंय तितं! झ्यांऽऽग करून. किती येळ घुमतं."

जीवनने स्पीकर उचलून कानाला लावला. पुन्हा तेच लावलं. धप्प, धप्प, आणि मग त्याच्यासाठी तिथे अजूनही शांतताच होती. पण भावनाचे खांदे पुन्हा हलले.

*

अंजूरफाट्यावर कंटेनरच्या रांगेत रिक्षा अर्धा तास अडकली. जीवन उतरला आणि पुढे चालत निघाला. मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न त्याला उशिरा कळत होते, एकदोघांनी शिव्या दिल्या, त्यांचे नुसते ओठ दिसले. पुढे दुसरी रिक्षा मिळाली.

माळ्यावर धनेश आणि मृणाली दोघंही होती. भिंतीशी सीड्यांचे खोके रचलेले होते. धनेश खुशीत होता. बंगळूरच्या एका महोत्सवाचं बोलावणं आलं होतं.

"थाळी कोनी वाजवली?" जीवनने विचारलं.

धनेशचा चेहरा बदलला. पण तो खोटं बोलला नाही. "मनोज गोवारीने. डोंबिवलीचा. स्टुडिओत वाजवतो, चांगला माणूस आहे." मग एकदम भराभर बोलू लागला आणि जीवनला त्याच्या ओठांवर नजर खिळवावी लागली. "मी महिनाभर ऐकलं ते, जीवनदा. बाकी सहांमध्ये सिम्बल आहे आणि इथे एकदम नाही. अपुरं वाटत होतं. ती मोकळी जागा, तुला मला तिचा अर्थ कळतो. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं फाइल खराब आहे. म्हणून वरून घातलं. तुझं काहीच काढलं नाही, एक ठोका काढला नाही. नाव तुझंच आहे. कौतुक तुझंच होतंय ना सगळीकडे?"

"माजं कुटं होतंय? ज्यानं मारली त्याचं होतंय."

"असं नसतं रे. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळे करतात."

"करत असतील." जीवनचा आवाज चढला. किती चढला हे त्याला कळलं नाही, पण मृणाली मागे सरकली. "मी जितं मारलं ते मी वाजवलं. आनी जितं न्हाय मारलं, ते पन मीच वाजवलं व्हतं. ते तू पुसलंस. आनी मना इचारलं न्हायस."

"विचारणारच होतो. पण मला वाटलं, तुला काय..." धनेश बोलता बोलता थांबला.

"बोल."

"काही नाही."

"मना ऐकूच येनार न्हाय. मंग कशाला सांगा. आसंच ना?"

धनेशने मान खाली घातली. एवढा मोठा जमीनवाला माणूस, पण त्या क्षणी तो उंबरठ्यावर उभ्या केलेल्या पोरासारखा दिसला. जीवनला त्याचा राग आला आणि कीवही आली. आठ वर्षं याच माणसाने त्याला एकदाही 'लूमवाला' म्हटलं नव्हतं. आठ वर्षं याच्याच घरचा चहा, याच्याच आक्काच्या हातचं सुकट.

"मला माहीत होतं, दादा," मृणाली म्हणाली. ती रडत होती, त्यामुळे तिचे ओठ वाचायला कठीण जात होतं. "मनोज आला तेव्हा मी इथे होते. दार मीच उघडलं. तुम्हाला सांगायचं म्हणून तीनदा फोन हातात घेतला. पण फोनवर तुम्हाला..."

तिनेही वाक्य सोडून दिलं.

जीवन खाली बसला. खोलीत सिम्बल पुन्हा स्टँडवर चढली होती, चकाकत. परक्या माणसाने ती आपल्या उंचीप्रमाणे लावली होती. जीवनने ठेवली असती त्याहून चार बोटं वर.

धनेश समोर येऊन म्हणाला, "काढून टाकू का? ऑनलाईन बदलता येतं. आठवडा लागेल." पण म्हणताना त्याची नजर बंगळूरच्या पत्राकडे गेली. त्या लोकांनी 'चार लूम' ऐकूनच बोलावलं होतं, त्या झ्यांगसकट. जीवनने ती नजर बघितली. ओठांपेक्षा नजर वाचणं त्याला सोपं होतं.

"तितं मनोजला ने," तो म्हणाला.

"जीवनदा!"

"मी रागानं बोलत न्हाय. माज्यानं जमनार न्हाय ते. समोर मानसं बसल्यावर तू काय वाजवतोस ते मना अर्धंच कळनार. ने त्याला." त्याने सिम्बलकडे बघितलं. "चांगला वाजवतो का?"

धनेशने होकारार्थी मान हलवली. "चांगला वाजवतो."

"कसा मारतो? जोरात?"

"नाही. हलक्या हाताचा आहे. शेवटचं सोडलं तर."

जीवनने ते मनात साठवल्यासारखं केलं. मग तो उठला आणि भिंतीजवळच्या खोक्यांपाशी गेला. वरचं खोकं उघडून त्याने एक सीडी काढली, वरचा प्लास्टिकचा कागद नखाने फाडला आणि कव्हर पालथं केलं. तिसऱ्या ओळीवर त्याचं नाव होतं. इंग्रजी अक्षरं त्याला सावकाश लावावी लागायची, पण हे नाव त्याने आता पाठ केलं होतं.

"पेन दे."

"कशाला?"

"दे तं."

मृणालीने आपल्या पर्समधून काळं बारीक मार्कर पेन काढून दिलं. मालाच्या पेट्यांवर लिहायला ती वापरायची तसलं. जीवनने टोपण काढलं आणि पेनचं टोक स्वतःच्या नावावर आणलं. धनेश एक पाऊल पुढे आला. "जीवनदा, नाव खोडू नको. पाया पडतो. खोडू नको."

जीवनने ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. त्याची पाठ होती. पेन नावावरून खाली सरकलं, आणि त्या रिकाम्या पट्ट्यात त्याने मराठीत, कापडाच्या ताग्यांवर नंबर घालणाऱ्या माणसाच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'सिम्बल – मनोज गोवारी'.

"गोवारी असंच ना?" त्याने वळून मृणालीला दाखवलं. "दुसरी वेलांटी?"

"दुसरी," ती म्हणाली.

"तीनशे आहेत," धनेश म्हणाला. "जीवनदा, मी पुढच्या वेळी छापून घेतो ना. असं हाताने... बरं नाही दिसणार."

"दिसंल तसं दिसंल."

त्याने भिंतीच्या कापडी घडीला पाठ टेकून मांडी घातली. मृणालीने दुसरी सीडी उघडून त्याच्या हातात दिली, मग तिसरी. ती कागद फाडायची, तो लिहायचा आणि शाई वाळेपर्यंत कव्हर लिहिलेली बाजू वर करून गुडघ्यावर ठेवायचा. चार-पाच झाल्यावर त्याला गती सापडली. खिडकीबाहेर खाडीला भरती येत होती आणि कशेळीच्या पुलावर गाड्या जागच्या जागी उभ्या होत्या.

धनेश बराच वेळ दारात उभा होता. मग त्याने वाकून एक भरलेलं खोकं उचललं, आणून जीवनच्या डाव्या बाजूला ठेवलं, आणि लिहून झालेल्या सीड्या एकेक करून रिकाम्या खोक्यात लावायला बसला. एका कव्हरवर त्याची नजर थांबली. तो काहीतरी म्हणाला. जीवनचं डोकं खाली होतं. त्याने पुढचं कव्हर मांडीवर घेतलं आणि आधीची शाई पुसली जाऊ नये म्हणून मनगट उचलून धरत 'सि' काढला.